अण्णांनी पकडलेली रेघ

अरे, आमच्या अण्णांची गंमत ऐका. नाटकाच्या तिकिटांच्या आमच्या साइटवर विक्री दहाला सुरू होणार होती आणि साडेनऊला जो येईल त्याला कोरं पान दिसत होतं. पुढचा सर्व्हर लोकांना तिकिटांच्या पानाकडे धाडतो, पण त्यासाठी फाइलमध्ये लिहिलेला त्या पानाचा पत्ताच कुठेतरी बिघडला होता. आम्ही तिघं इंजिनियर फोनवर डोकं फोडत होतो. मी गिरगावात घरीच होतो. अण्णांनी छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासली. चहा देता देता माझ्या स्क्रीनवरची फाइल बघून ते म्हणाले, "वरच्या ओळीत कोलननंतर दोन तिरप्या रेघा आहेत, खाली एकच. मुद्दाम ठेवलीस?"

मी रेघ घातली, साइट धावली! मी त्यांना मिठीच मारली.

ते अजून स्क्रीनकडेच बघत होते. "ठीक आहे. आता पानावरच्या 'बूकिंग'चा 'बू' ऱ्हस्व कर."