पाचवा नट

गौरेश : नाही गं ताई, मी काही केलं नाही. आपोआप झालं ते.

तनया : नट आपोआप असा कुरतडल्यासारखा होत नाही, गौरेश. खरं सांग, पान्यावर उभा राहिलास ना?

गौरेश : उभा नाही राहिलो.

पार्वती : उड्यो मारी होतो. दोन्ही पायांनी. मी गाडयेत बसान बघी होतंय.

(सकाळचे साडेदहा. साखळीच्या वेशीवर, पाळीच्या रस्त्याला पत्र्याची एक शेड : टायर आणि वेल्डिंग. मालकीण तनया, वय चौतीस. समोर धाकटा भाऊ गौरेश, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्याच्या गाडीचं मागचं डावं चाक पार बसलेलं, आणि मागच्या सीटवर सणाची साडी नेसून त्यांची आई, पार्वती. तीन वर्षांत आई या शेडपाशी आज पहिल्यांदा आली आहे, अजून उतरलेली मात्र नाही. तनयाला ते बरं वाटलंय. पण तसं दाखवायचं नाही, असं तिने ठरवलं आहे.)

तनया : आणि हे छिन्नीचे घाव?

गौरेश : तो मी नाही. तो वाटेतला पहिला टायरवाला. दुसऱ्याने नुसतं बघितलं, म्हणाला लॉक नट आहे, मी हात लावत नाही. हवा भरून दिली आणि वर सांगितलं, पुढे एक बाई आहे शेडवाली, तिच्याकडे जा. ही बाई म्हणजे माझी बहीण, हे काही मी त्याला बोललो नाही.

तनया : का नाही बोललास? असू दे. चावी कुठाय?

गौरेश : ही घे.

तनया : हिचे तर दातच गेले. वाकडी लावलीस आणि वर नाचलास. चार नट साध्या पान्याने सुटतात, पाचव्याला ही एकच चावी चालते. चाक चोरीला जाऊ नये म्हणून. आता चोरालाही मिळणार नाही आणि मालकालाही.

गौरेश : बाकीचे चार मी सैल करून ठेवलेत. तेवढंच तुझं काम कमी.

तनया : कमी? अरे शहाण्या, सगळा ताण त्या एकट्यावर आणून टाकलास. म्हणून तो आणखी गच्च बसलाय. सरक, आधी ते चार परत आवळते.

पार्वती : आवळतंस? अगो, आमी काढूक सांगलंव!

तनया : काढायलाच आवळते, आई.

पार्वती : ह्या माका काय समजणा नाय. बारा वाजता पेडण्यात पोचूचा आसा, एवढा माका समाजता.

तनया : पेडण्यात काय आहे आज?

पार्वती : काय नाय. असाच.

तनया : असंच? ही साडी तू चवथीला पण नेसत नाहीस. आणि याने तर दाढी एवढी घोटून केलीय की मान दोन ठिकाणी कापून घेतलीय.

गौरेश : मुलगी बघायला चाललोय, ताई.

पार्वती : गौरेश!

गौरेश : आता लपवून काय उपयोग? सायली तिचं नाव. पेडण्याजवळच्या धारगळची. शाळेत शिकवते. तीन महिने फोनवर बोलतोय आम्ही, आज फक्त घरच्यांनी रीतसर भेटायचं. बाबा कालच गेलेत तिथल्या आत्याकडे, ते तिकडूनच येतील.

तनया : बरं. म्हणजे मी सोडून सगळे. तो हातोडा दे.

गौरेश : रागावलीस?

तनया : हातोडा दे म्हटलं. तो नको, मोठा. आणि त्या डब्यातली पान्याला लावायची जुनी पोकळ गोटी काढ, नटापेक्षा जराशी लहान बघ. ठोकून वर बसवते. घट्ट धरली तर फिरेल.

गौरेश : मी धरू?

तनया : तू लांब उभा राहा. शर्ट पांढरा आहे.

पार्वती : हळू गो, हळू! केवढ्यान मारतंस ता!

तनया : बसली. आता पाना लावते. हं... फिरतंय...

पार्वती : सुटलो? देवा म्हाराजा, सुटलो!

तनया : नाही सुटला. वरचं कडंच नुसतं गरागरा फिरतंय. आतला नट जागचा हललेला नाही. चोराला फसवायला असं सैल कडं घातलेलं असतं.

गौरेश : मग आता? फोन करून सांगू, जमत नाही म्हणून?

तनया : जमत नाही असं मी कुठे म्हटलं? वेल्डिंग मारते. कडं आणि नट एकजीव करायचे, वर एक मोठा नट चिकटवायचा. मग साधा पाना चालतो. जा, बॉनेट उघड आणि बॅटरीची वायर काढ.

पार्वती : वेल्डिंग? म्हणजे आग? मी आत बसलंय गो! माका आधी भायर पडांदे!

तनया : मग पड ना बाहेर. दीड तास झाला असेल आत बसून. बघून पाय ठेव, तिथे तेल सांडलंय. माझा हात धर.

पार्वती : हात काळो आसा तुझो.

तनया : मग दाराला धर.

पार्वती : नाय, दी हात. साडयेक लावू नको फक्त.

गौरेश : वायर काढली, ताई.

तनया : टायरात हवा नाही ते बरंच झालं. भरलेल्या टायराजवळ मी आग काढलीच नसती. थांब, व्हॉल्व्हची पिनही काढून ठेवते. ते ओलं गोणपाट दे, रिमभोवती गुंडाळते. आणि आता एक सांग. त्या लोकांना माझ्याबद्दल काय सांगितलंय?

गौरेश : ताई, ते नंतर...

तनया : आत्ता.

गौरेश : मुरगावला कंपनीत आहेस असं. ऑफिसात.

तनया : कसल्या कंपनीत?

गौरेश : जहाजांच्या.

तनया : अरे वा! पगार बरा देतात ना मला? आणि एसी आहे का?

पार्वती : हस. तुका हसूक येता. लोक माका इचारतत, मोठी भयण बिनलग्नाची, ती करता काय? काय सांगू मी? टायर काढता?

तनया : हो. तेवढंच सांगायचं होतं, आई. बाबांनी खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये सुट्टीला नेऊन शिकवलं तेव्हा तू डबा भरून द्यायचीस ना? तेव्हा कौतुक होतं. खाण बंद पडली आणि मी हेच काम माझ्या नावाने सुरू केलं, तर एकदम मुरगाव?

पार्वती : तेव्हा तू बारा वर्सांची होतंस.

तनया : हात तेच आहेत.

गौरेश : चूक माझीही आहे, ताई. सायलीने दोनदा विचारलं तुझ्याबद्दल. मी विषय बदलला. मला तुझी लाज नाही वाटत, खरंच नाही. पण एकदा खोटं सांगून झाल्यावर...

तनया : ...ते पण गच्च बसतं. कळलं. सरका दोघं मागे. आई, तू पाठ कर. उजेडाकडे बघायचं नाही, डोळ्यांत खुपतं.

पार्वती : बघणंय नाय. पण तुझे डोळे?

तनया : मला मुखवटा आहे. हा बघ. करते सुरू.

पार्वती : अगो बाई, आता तर ओळखूकच येणंस नाय.

गौरेश : आई, तुझा फोन वाजतोय. रघुनाथराव! सायलीचे वडील!

पार्वती : तू घे.

गौरेश : तुझा फोन मी कसा घेऊ? घे ना!

पार्वती : हॅलो... नमस्कार, नमस्कार... होय, निघालंव कवाच, साखळेत आसंव. चाक बसला वाटेत... नाय नाय, लागला नाय कोणाक... तो लॉकाचो नट खराब झालो. काढतत... काय म्हणालात? आवाज? वेल्डिंगचो तो... कोण काढता म्हणजे?

गौरेश : सांग मेकॅनिक म्हणून.

पार्वती : तू गप ऱ्हव. नाय, तुमका नाय, झिलाक सांगलंय. ऐका, रघुनाथराव. चाक माझा चेडू काढता. तनया. गौरेशाची मोठी भयण... नाय, मुरगावाक नाय. मुरगावाक कोण नाय आमचा. ता मी तुमका खोटा सांगलंय. तिची सोताची शेड आसा हयसर, टायरांची आणि वेल्डिंगची. वाटेत दोघांनी हात टेकले, आता ती करता. तुमका ह्या बरा वाटणा नसात तर आत्ताच सांगा, आमी हयसूनच परत फिरतंव... काय?... कोणी सांगल्यान?... काल? कधी काल?... बरा. बरा, बरा... होय... सांगतंय तिका... ठेवतंय.

गौरेश : काय म्हणाले? आई, बोल ना! मोडलं?

पार्वती : तुझ्या बापाशीन कालच सांगल्यान.

गौरेश : काय सांगितलं?

पार्वती : सगळा! काल संध्याकाळी तो आत्याबरोबर तेंच्या घरी गेलो चाय पियूक. म्हणालो, माझा चेडू डंपराचो टायर एकटा उतरयता, असो हात अख्ख्या खाणीवर कोणाचो नव्हतो. अर्धो तास ह्याच बोली होतो. थंय पोराटोरांसकट सगळ्यांका ठावक. मी एकटीच मुरगावात बसलंय!

तनया : बाबा? अर्धा तास? बाबा तर माझ्याशी दोन शब्दांच्या वर बोलत नाहीत.

पार्वती : माझ्याशी तरी खंय बोलता? तू आता मुखवटो वर कर आणि हस नीट. पुरा हस.

तनया : हसते, हसते. पण वेल्डिंग झालंय, नट गरम आहे तोवर धरू दे. गौरेश, तो लांब पाइप पान्याच्या मागे घाल. आई, तू मोबाइलची बॅटरी दाखव इथे. खाली. अजून खाली.

पार्वती : असा?

तनया : असंच धर. गौरेश, आता माझ्याबरोबर दाब. हळूहळू. उडी नाही मारायची.

गौरेश : शर्ट...

तनया : गेला तुझा शर्ट. दाब.

गौरेश : नाही हलत, ताई.

तनया : हलेल. आणखी जरा. सोडू नको... दाबून धर... 

पार्वती : अगो बाई! कट्ट करून वाजला! मोडला मां?

तनया : सुटला! ऐकलंस? सुटला तो! बघ कसा येतोय बाहेर. गौरेश, हात लावू नको, भाजशील!

गौरेश : ताई, तू... तू ग्रेट आहेस!

पार्वती : जोरात बोल. रस्त्यावरच्यांका ऐकू जावंदे.

तनया : स्टेपनी काढ. चारच नटांवर आज जा, सावकाश, ऐंशी-नव्वद मारायचं नाही. उद्या गाडी घेऊन ये, बाकीच्या तीन चाकांचे लॉक नटही काढून टाकते आणि साधे घालून देते. तुझी चाकं कोण चोरत नाही.

पार्वती : उद्याचा उद्या. आज तू येतंस आमच्यावांगडा.

तनया : मी? या अवतारात?

पार्वती : ती सायली मागसून ओरडी होती फोनात, ताईक आणतास मां, म्हणान. मी होय म्हटलंय. मगे काय करू? परत खोटा सांगू?

तनया : मागच्या खोलीत एक ड्रेस आहे धुतलेला. पण नखांतलं काळं निघत नाही, आई. दोन-दोन दिवस निघत नाही.

पार्वती : बघतले ते. तेंका ठावकच आसा.

गौरेश : मग पटकन आवर ना, ताई. साडेअकरा झाले. बारा काही गाठत नाही आपण.

पार्वती : रघुनाथराव म्हणाले, सावकाश येवा, जेवण खंय पळान जाणा नाय. तू स्टेपनी लाव आणि शर्ट झटक. तनया, हयसर ये गो जरा. ती टायर बसवूची मशीन खंयची?

तनया : ती. पायाने दाबली की फिरते.

पार्वती : आणि ह्या लाल काय?

तनया : कंप्रेसर. हवेचा.

पार्वती : चालू करून दाखय माका.