रक्षा पास झाली

...अन् सुई कुठं, तं डोळ्यात! दंडात नाही, कमरेत नाही, डोळ्यात हो! तुम्हाले सांगते, माझी रक्षा सहा वर्षांची, डोळ्यामागं गाठ होती, नागपूरले किरणांचा शेक देऊन देऊन जाळली, आम्ही म्हटलं सुटलो, तं डॉक्टरीणबाई म्हणते, "गाठ गेली, पण शेकानं डाव्या डोळ्याचा पडदा सुजला. दर महिन्याला इंजेक्शन घ्या, नाहीतर नजर जाईल." म्हणजे रोगानं सोडलं तं औषधानं धरलं! अन् सुई कुठं, तं डोळ्यात!

दोन झाल्या. कशी ओरडली पोरगी... जाऊ द्या. तिसऱ्या वेळी सानगडीहून निघालो, साकोलीले बस बदलली, नागपूरच्या दवाखान्यात ही रांग! भिंतीवर अक्षरांचा तक्ता, एकेक माणूस डोळा झाकून मोठ्यानं वाचून राहिला, "प, र, ट, न, घ..." रक्षा गुपचूप बसलेली. मी म्हटलं, किती शहाणी माय माझी! नंबर आला, उजवा डोळा झाकला, अन् पोरगी खालच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड! डॉक्टरीणबाई म्हणते, "अरे वा! पडद्याच्या फोटोची मशीन आज बंद आहे, पण नजर छान आहे. इंजेक्शन पुढच्या महिन्यात पाहू."

साकोलीच्या स्टँडवर पेढे घेतले, कंडक्टरलेही दिला! शेजारची शेवंताबाई म्हणे, "पोरगी पास झाली म्हण न वं!" झाली न मावशी!

मंग घरी ही दाराच्या चौकटीले कायले धडकते? डावीकडूनच कायले? तिचा चांगला डोळा तळहातानं झाकला, कॅलेंडर समोर धरलं, "हे काय आहे वं?"

"प, र, ट, न, घ..."

बाई, समोर गणपती होता!

"रांगेत सारे हेच म्हणत होते, आई. मले सुई नको." आता हिले मारू का पोटाशी धरू?

दुसऱ्या दिवशी पुन्हा नागपूर. दारातूनच ओरडली मी, "मॅडम, तक्ता बदला!" बदलला. पोरगी गप्प. वरचं एवढं मोठं अक्षर, तेही नाही... दिली सुई. म्हटलं, गेलेलं परत येईन का? "आहे तेवढं टिकवू," म्हणे.

घरी शेवंताबाई दारातच, "काय झालं वं?"

नापास झाली, मावशी. नापास झाली म्हणून थोडं वाचलं. घ्या, उरलेला पेढा घ्या.

अन् पट्टी बांधलेली पोरगी कानात विचारते, "आई, पुढच्या महिन्यात कोणता तक्ता राहीन?"

कोणताही राहो, माय... सुई डोळ्यातच.