नवऱ्याच्या नावाचा रकाना

सरजाबाई : सोड पोरी, बोचकं सोड माजं. मला पुलाखाली जायचंय.

अर्पिता : मावशी, कालच तर आलात निवाऱ्यात! खाट मिळाली, गरम पाणी मिळालं, बचत गटाच्या बायकांनी पिठलं-भाकर आणली. कुणी काही बोललं का तुम्हाला?

सरजाबाई : कोण कशाला बोलंल? सगळे लय चांगले हायेत. म्हणून तर जाताना लाज वाटायली. पन जाणार.

अर्पिता : दोन महिने झाले, मी तुमच्यासाठी उड्डाणपुलाखाली चकरा मारायलेय. चहावाल्या नागसेनदादांनी समजावलं तेव्हा कुठं गाडीत बसलात. आता परत त्या धुळीत कामून?

सरजाबाई : माजं माणूस तिथं हाय.

अर्पिता : कोणतं माणूस?

सरजाबाई : कोणतं म्हंजे? आमचे मालक! गाडी आली तवा पाणी आणायला गेलते. नागसेन म्हणला, तू हो म्होरं, मी त्यांला धाडतो.

अर्पिता : मावशी, तुम्हाला नवरा आहे? मी यायचे तेव्हा तर तुम्ही एकट्याच दिसायच्या.

सरजाबाई : मग हे कुंकू काय हौसंनं लावलंय?

अर्पिता : कुंकू दिसलं होतं हो. पण नवऱ्यानं टाकलेल्या बायकाही लावतात. काल फॉर्म भरताना मी नवऱ्याचं नाव विचारलं, तर तुम्ही पायाच्या अंगठ्याकडं बघत बसलात. परत विचारलं, तर डोळ्यांत पाणी. मला वाटलं, दुखऱ्या जागी कशाला बोट लावायचं? मी रकान्यात लिहून टाकलं, कोणी नाही.

सरजाबाई : अगं माय! कोणी न्हाई?

अर्पिता : तुम्ही एका शब्दानं सांगायचं ना मग!

सरजाबाई : कसं सांगू? लगीन झाल्यापून त्यांचं नाव तोंडानं घेतलं न्हाई म्या. सासू म्हणायची, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं. अन् तू चौघात इचारायलीस.

अर्पिता : उखाण्यात तरी घ्यायचं.

सरजाबाई : हळदीकुंकू व्हतं का ते? हापिस व्हतं.

अर्पिता : अरे देवा. म्हणजे काल दिवेलागणीला गेटवर आलेले आजोबा... ते म्हणत होते, आमची बाई आत हाय. चौकीदारानं वही बघितली अन् परत पाठवलं त्यांना.

सरजाबाई : तेच ते. खिडकीतून पाठमोरे दिसले मला. अवो, अवो म्हणून वरडले. पन त्यांला कमी ऐकू येतं. पुलाखाली जेवायला बोलावताना ताट वाजवते, तसं ताटबी वाजवलं. रस्त्यावर ट्रकाचा एवढा गोंधळ, कुठलं ऐकू जायलंय? दारात आले तवर गेटला कुलूप.

अर्पिता : मावशी, चूक माझी आहे.

सरजाबाई : तुजी असो का माजी, त्यांला काय वाटलं असंल? गावचं घर पडलं, वीटभट्टीवरची खोप मोडली, पोटी लेकरू न्हाई. एकमेकांबिगर हाय काय आमच्याजवळ? अन् आता सरजीनंबी कागदावरून पुसलं म्हणतील. लय मानी हायेत ते. निघून गेले असतील कुठंतरी. सोड बोचकं!

अर्पिता : थांबा, मीपण येते. चप्पल तर घालू द्या.

(दारात खोकल्याचा आवाज. धोतराचा सोगा सावरत एक म्हातारा आत येतो. हातात घडी घातलेला कागद.)

बन्सीधर : अर्पिताताई तुमीच ना? नागसेननं धाडलंय. हे घ्या.

सरजाबाई : अवो!

बन्सीधर : थांब गं जरा. सरकारी काम चालू हाय.

अर्पिता : बसा आजोबा. कसला कागद आहे?

बन्सीधर : मोठ्यानं बोला.

अर्पिता : कागद कसला?

बन्सीधर : साक्षीचा. चौकीदार म्हणला, वहीत नवरा न्हाई. मी गेलो नागसेनकडं. त्यानं आधार कार्ड मागितलं. म्हणलं, पेटी चोरीला गेली, त्यात तेबी गेलं. मग सकाळी त्यानं हे लिव्हलं अन् मला घेऊन हिंडला. ऑटो स्टँडवरच्या पोरांनी सह्या केल्या. फुलवाल्या कडूबाईनं अंगठा दिला. इस्त्रीवाल्या चाचानं तर दोनदा सही केली. म्हणले, पहिली बराबर न्हाई आली.

अर्पिता : "सरजाबाई आणि बन्सीधर हे नवरा-बायको असून आठ वर्षांपासून आमच्या डोळ्यांदेखत एका चुलीवर खातात." एवढ्या सह्या! खाली जागासुद्धा उरली नाही. आजोबा, जोडप्यासाठी एक खोली आहे आपल्याकडं, पण ती मोडक्या खाटांनी भरलीय.

बन्सीधर : नागसेनला ठाऊक हाय ते, चौकीदारानं सांगितलंय. ऑटोवाली पोरं गेटवर उभी हायेत, खाटा उचलायला. तुमी निस्तं कुलूप काढा.

अर्पिता : साहेबांना विचारते आधी. हॅलो, सर... हो, कालच्याच मावशी. नोंद माझ्याकडून चुकली... नाही सर, दाखला नाही. पण पुलाखालच्या सगळ्या लोकांच्या सह्या आहेत... हो... हो सर. थँक्यू सर! द्या म्हणाले खोली! म्हणाले, एवढी माणसं सांगायलीत, तर आणखी दाखला कशाला पाहिजे?

सरजाबाई : अवो, तुमाला राग न्हाई आला? कोणी न्हाई म्हणून लिव्हलं तर?

बन्सीधर : कशाचा राग? मी तिथंच हसलो. म्हणलं, हिनं नाव घेतलं नसंल. नवरा नसता तर नाव घ्यायला काय झालं व्हतं हिला?

सरजाबाई : अन् हितं माज्या डोळ्याला डोळा न्हाई.

बन्सीधर : मी झोपलो बग निवांत. तुज्या डोक्यावर छप्पर हाय म्हणलं, आता कशाचा घोर?

अर्पिता : मावशी, रडू नका हो.

सरजाबाई : रडत न्हाई गं. हलकं वाटायलंय. किती दिवसानं.

अर्पिता : चला, कुलूप काढते. दारावर खडूनं नाव लिहायचं असतं. काय लिहू?

बन्सीधर : हिचं लिव्हा. सरजाबाई. जन्मात हिच्या नावाचं दार न्हाई झालं.

सरजाबाई : अन् त्याच्या खाली ह्यांचं लिव्ह, पोरी. मोठं लिव्ह. पुन्हा कुणी इचारलं, तर दार दाखवीन.