चुकवलेली दुर्बीण

शहापूरच्या रुग्णालयात रेश्मा नंबरची वाट बघत बसली होती, आणि शेजारची म्हातारी नवऱ्यावर भडकली होती.

"तुमच्या आतड्यातल्या गाठी काढल्या, तवा डाक्टर काय बोलला? वर्साने परत खालून दुर्बीण घालून बघायची."

"मी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या खात होतो ना. मुरबाडचा आदेश बोलला, गाठ परत येत नाय."

"आदेश गोळ्या विकतो. डाक्टर काय बोलला?"

"गोळ्यांनी गाठी थांबत नाय, बोलला. पण दुर्बिणीची लाज वाटते गो."

"मी चार बाळंतपणं केली, तवा माझी लाज कुठं ठेवली होती?"

"हळू बोल."

"का हळू? तुमच्या धाकल्या भावाच्या पण गाठी काढल्या होत्या, आन् तुमीच त्याला त्या गोळ्या दिल्या. त्याने पण तपासणी चुकवली. आता गाठ परत येऊन वाढली, म्हणून आत त्याचं आतडं कापतात. शुद्धीवर आला का तुमीच सांगा त्याला, लाज कोणाला वाटत होती."