साडूच्या कॉम्प्युटरवरचं यरुशलेम

...आणि वर मलाच सांगतो, "अण्णा, जरा तो पडदा ओढा, उजेडामुळे यरुशलेम दिसत नाही." आता तुम्हीच सांगा, ज्या हॉलमध्ये दहा-बारा वर्षं यरुशलेम दाखवायचं काम माझं होतं, त्या हॉलमध्ये मी पडदे ओढायचे? आणि सांगणारा कोण, तर माझा साडू, माझ्या मेहुणीचा नवरा, सेतुमाधव, बँकेत आहे... मला हेवा वाटतो असं नाही हो, हेवा कशाला वाटेल, पण माणसाने पडदा ओढायला लावताना निदान आवाज तरी खाली ठेवावा की नाही?

थांबा, मी मधूनच सुरू केलं, तुम्हाला काय कळणार. मी वादिराज. आमचे आजोबा तंजावर सोडून इकडे आले तेव्हापासून आम्ही मद्रासचे, आता म्हणे चेन्नई म्हणायचं, म्हणतो बापडे. घरात मराठी, रस्त्यात तमिळ, ऑफिसात इंग्रजी, आणि भांडण तिन्हींत. मी ड्राफ्ट्समन होतो, गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात, पंपांची आणि वॉल्व्हांची ड्रॉइंग काढता काढता रिटायर झालो. राहतो अड्यारला, वरच्या पोर्शनमध्ये. खाली आमचे घरमालक, दैवसहायम सर. हेडमास्तर होते, अजूनही आहेत असंच वाटतं, जिन्यावरून चप्पल वाजली तर आपोआप पाय सावकाश पडतात. तर दर रविवारी संध्याकाळी सरांच्या हॉलमध्ये बायबलचा अभ्यास असतो, त्यांच्या चर्चमधली पंधरा-वीस माणसं येतात, चटया टाकतात, कॉफी होते.

तुम्ही म्हणाल, तुम्ही माध्व ब्राह्मण, घरात राघवेंद्रस्वामींचा फोटो, तुमचा तिथे काय संबंध? बरोबर आहे, मलाही तेच वाटायचं. पण एकदा पाण्याची मोटर बंद करायला खाली गेलो, तर सर फळ्यावर खडूने बायबलातल्या पौलाचा, म्हणजे येशूच्या त्या गावोगाव फिरणाऱ्या प्रचारकाचा, समुद्रप्रवास काढत होते, आणि तुम्हाला सांगतो, तो समुद्र म्हणजे नुसती इडली होती, इडलीच्या पोटात जहाज, आणि बाजूला रोम म्हणून एक चटणीचा ठिपका. आता मी पडलो ड्राफ्ट्समन. वाकडी रेघ बघितली की माझ्या दातांत कळ येते. मी म्हटलं, "सर, खडू द्या." दिला. तो दिला तो कायमचाच. मग काय, मांजरपाट आणला, ताणून बसवला, पोस्टर कलरने समुद्र निळा केला, डोंगर तपकिरी, शहरांना लाल ठिपके, आणि पौलाच्या तिन्ही प्रवासांना तीन रंग. गालीलचं सरोवर काढलं, यार्देन नदी काढली. आमची वसंता, माझी बायको, म्हणायची, "अहो, कावेरी कुठून कुठे जाते ते तुम्हाला सांगता येत नाही आणि यार्देनचं वळणन् वळण पाठ?" पाठ होतं. का नसणार? सर नकाशासमोर उभे राहायचे, बोट ठेवायचे, डोळे मिटायचे आणि बोलायला लागायचे, आणि लोक त्या बोटाकडे बघायचे... म्हणजे माझ्या नकाशाकडेच ना? अभ्यास संपला की एस्तरअम्मा, त्या रिटायर नर्स आहेत, मला म्हणायच्या, "अण्णा, तुमच्यामुळे आम्ही तिथे जाऊन आलो." ख्रिसमसला पहिला केक वरच्या पोर्शनमध्ये यायचा. मला काय, केक नाही दिला तरी चाललं असतं, पण पहिला यायचा.

आणि मग एका रविवारी सेतुमाधव जेवायला आला.

मीच बोलावलं होतं, दुसऱ्या कुणाला बोल लावणार? वसंताची धाकटी बहीण हेमावती आणि हा. जेवण झालं, वसंता म्हणाली, "भाऊजींना तुमचे नकाशे दाखवा ना." संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी मी आपला हौसेने घेऊन गेलो खाली. हा मागे बसला, सगळं नीट बघितलं, माणूस शांत आहे, कधी कुणाला वाकडं बोलत नाही, तीच तर अडचण आहे. संपल्यावर मला म्हणतो, "अण्णा, काम सुंदर आहे. पण हे सगळं अजून हाताने?"

अजून हाताने! अहो मग कशाने काढायचं?

तर त्याने कॉम्प्युटर घेतला होता. बँकेत कसलंसं ट्रेनिंग झालं आणि हा त्या नादाला लागला. त्याच्या बँकेतल्या कुणाचे तरी भाऊ यात्रेला जाऊन आले होते यरुशलेमला, रोल भरभरून फोटो काढून. ते सगळे फोटो ह्याने मागून आणले, स्कॅन का काय म्हणतात ते केले, त्यांत नकाशे घातले, कुठल्याशा सीडीवरून घेतलेले, आणि सरांना जाऊन भेटला. मला न सांगता. म्हणजे सांगितलं, पण नंतर सांगितलं.

पुढच्या रविवारी ऑटो येऊन थांबली. सेतुमाधवच्या मांडीवर मॉनिटर, जुन्या पातळात गुंडाळलेला, बारशाला निघालेलं बाळ असावं तसा, आणि हेमावतीच्या मांडीवर तो दुसरा डबा. उतरतो आणि मला म्हणतो, "अण्णा, जरा कीबोर्ड धरता का?" धरला. काय करणार, रस्त्यात टाकणार? सरांनी टेबल रिकामं करून दिलं होतं. टेबल कुठे, तर माझ्या नकाशाच्या बरोबर पुढे. नकाशाचा वरचा भाग तेवढा दिसत होता, रोम आणि त्याच्यावरची मोकळी जागा.

मग ते यंत्र सुरू झालं. सुरू व्हायलाच इतका वेळ की तेवढ्यात मी एक छोटा आशिया काढला असता. लोक वाट बघत होते, पण कशी, तर देवळाचा पडदा उघडायची वाट बघतात तशी. आणि मग पहिला फोटो आला. गेथशेमाने बाग, जैतुनाची झाडं, म्हातारी, गाठी गाठी आलेली खोडं, आणि खाली पडलेलं ऊन. एस्तरअम्मा रडायला लागल्या. खरंच, पदर डोळ्यांना लावून. "प्रभू इथेच गुडघे टेकून बसले असतील," म्हणाल्या. तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं मी गेथशेमाने दाखवत होतो, हिरवा गोल होता माझा, चांगला ठसठशीत, त्या हिरव्या गोलाकडे बघून एक माणूस कधी रडला नाही.

मग नकाशा आला. आणि त्या नकाशात काय होतं माहीत आहे? लाल रेघ. तुम्ही म्हणाल, लाल रेघ तुमच्याही नकाशात होती. होती. पण माझी एकदा काढली की काढली, जागच्या जागी. ह्याची चालायची. बटण दाबलं की बंदरातून निघाली, समुद्रातून हळूहळू सरकत गेली, बेटाला वळसा घातला, आणि सगळा हॉल तिच्याबरोबर माना वळवतोय. मी पण वळवली. मान आहे, वळते. मग यार्देन नदीचा फोटो आला, आणि तो आपला एवढासा गढूळ ओढा, आमच्या अड्यार नदीच्या निम्मासुद्धा नसेल, आणि मी तर ती कावेरीसारखी ऐसपैस काढलेली. दोघांतिघांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मला हेवा वाटतो असं नाही, पण त्या बघण्याची काय गरज होती?

वसंताही बघायला खाली आली होती, घरी आलो तर म्हणते, "हेमाच्या ह्यांनी किती मेहनत घेतली नाही?" मी म्हटलं, "हो." "फोटो किती स्वच्छ." मी म्हटलं, "हो." "तुम्ही जेवला नाहीत." मी म्हटलं, पोट भरलंय.

मग मी एकच आशा धरून बसलो. करंट. तुम्ही इथले आहात, तुम्हाला सांगायला नको, उन्हाळ्यात करंट काय भरवशाचा. आणि आला तो रविवार. लाल रेघ अर्ध्या समुद्रात असताना गेला करंट. पंखे थांबले, अंधार, कुणीतरी "अय्यय्यो" म्हणालं. मी उठलो, ह्या वयात, दोन दोन पायऱ्या चढून वर गेलो, कारण नकाशा तोवर वर येऊन पडला होता माझ्या कपाटामागे, तो घेतला, वसंताच्या हातातली मेणबत्ती घेतली, खाली आलो, खिळ्याला अडकवला, मेणबत्ती धरली, आणि म्हटलं, "हं सर, पौल इथे होता." आणि करंट आला. मागून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, जरा बाजूला, स्क्रीन झाकला जातोय." मेणबत्तीचं मेण माझ्या अंगठ्यावर. आणि सेतुमाधव धावत आला, अण्णा भाजलं का, बर्नॉल आणू का... अहो, नीट रागावूसुद्धा देत नाही हा माणूस.

पण त्याच्यापुढच्या रविवारी जे झालं ते वेगळंच. सेतुमाधवच्या हातून कुठलंसं चुकीचं बटण दाबलं गेलं, आणि गालीलच्या किनाऱ्याच्या जागी स्क्रीनवर आली हेमावती. महाबलिपुरमच्या किनाऱ्यावर, डोळ्यांवर गॉगल, हातात कणीस. लोक तोंडावर हात ठेवून हसायला लागले. मी तर, खोटं कशाला बोलू, मी हातसुद्धा ठेवला नाही. आणि तेवढ्यात सर बोलले. स्क्रीनकडे बघत, गंभीर आवाजात. "बघा, काय शांत किनारा आहे. ह्याच वाळूवर त्याने मासे धरणाऱ्यांना हाक मारली."

हशा झाला. सगळ्यांना वाटलं, सरांनी विनोद केला. सरसुद्धा हसले, सगळे का हसतात ते न कळता माणूस हसतो तसे. आणि माझं हसू गेलं. कारण सर विनोद करत नाहीत. हेडमास्तर माणूस.

लोक गेल्यावर मी थांबलो. म्हटलं, "सर, तो कुठला फोटो होता?" तर म्हणाले, "वादिराज, मला तिथे निळा उजेड दिसतो फक्त. गेलं वर्षभर असंच आहे, आणि वाढतंय. तुझा नकाशा दिसत नव्हता तरी चालायचं, बोट कुठे ठेवायचं ते हाताला माहीत होतं. ह्यात बोट ठेवायला जागाच नाही." मी म्हटलं, मग डॉक्टर? तर म्हणाले, भीती वाटते. हेडमास्तर. सगळी शाळा ज्यांना भ्यायची ते. म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. पण एक कर. रविवारी माझ्या शेजारी बस, आणि काय दिसतं ते हळू आवाजात मला सांग."

आता माझी दशा बघा. साडूच्या फोटोंचं वर्णन करायचं. मी. मनात ठरवलं होतं, मोजून बोलायचं. दगड आला, दगड म्हणायचं. झाड आलं, झाड. पहिला फोटो आला, यरुशलेमची भिंत. सरांनी कान माझ्याकडे केला, मान अशी जरा तिरकी, डोळे मिटलेले. आणि तुम्हाला सांगतो, जिभेवर दगड आलाच नाही. मी म्हटलं, "सर, भिंत आहे, उंच, मधाच्या रंगाची, फटींमधून गवत उगवलंय, खाली एक म्हातारा उभा आहे, कपाळ दगडाला लावून, आणि त्याची सावली भिंतीवर त्याच्यापेक्षा मोठी आहे." सर म्हणाले, "आणखी?" मग आणखी सांगितलं. एकेका फोटोला आणखी आणखी. सर त्यावर बोलायचे, आणि असं बोलायचे की गेल्या कित्येक वर्षांत बोलले नव्हते. घरी येताना मनात मी सेतुमाधवला शिव्या घालत होतो, कारण काय, तर फोटो चांगले होते. वाईट असते तर मी एका शब्दात उरकलं असतं.

पुढे पुढे मला त्याची चटक लागली. रविवारची वाट बघायला लागलो. आणि एकीकडे सरांच्या मागे लागलो, डॉक्टर, डॉक्टर. शेवटी एस्तरअम्मांना सांगूनच टाकलं. त्या नर्स, त्यांनी सरांना विचारलंसुद्धा नाही, हाताला धरून नेलं. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, एकामागून एक, छान झालं. वसंताने तीळ घालून लाडू केले, सेतुमाधव दवाखान्यात जाऊन बसायचा माझ्याबरोबर. बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी त्याला त्याचेच फोटो कसे बघायचे ते समजावून सांगितलं. ऐकून घेतलं बिचाऱ्याने.

मग सर परत आले, काळा चष्मा लावून, आणि रविवार आला. मी आपला त्यांच्या शेजारी, नेहमीच्या जागेवर. गेथशेमाने आली. मी सुरुवात केली, "सर, झाडं आहेत, म्हातारी, खोडांना गाठी..." सरांनी चष्मा काढला. स्क्रीनकडे बघितलं, खूप वेळ बघितलं. आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "वादिराज, जरा गप्प बस. मला बघू दे."

गप्प बसलो. रागावलो नाही, ते तसे म्हणालेच नव्हते, आणि सर बघत होते ना, ते बघणं मी बघितलं... पण जागा गेली ती गेलीच. दोन रविवार मी मागे, दाराजवळ बसलो. तिसऱ्या रविवारी सेतुमाधवच आला माझ्यापाशी, हळूच म्हणाला, "अण्णा, पुढे या. सर बोलत असताना फोटो बदलायला कुणीतरी लागतं, मला दर वेळी त्यांचा ओघ कळत नाही. तुम्हाला कळतो."

तर आता असं आहे. हॉलमध्ये अंधार, टेबलापाशी मी, समोर कीबोर्ड, आणि बोट एका बटणावर. सर म्हणतात, "नेक्स्ट." मी दाबतो. लाल रेघ निघते, मी बसून राहतो. सर म्हणतात, "नेक्स्ट." मी दाबतो.

आणि परवा हेमावतीने वसंताला फोन करून सांगितलं, "अक्का, अण्णा बटण फार सुंदर दाबतात."