वायरच तर आहे!

नाही, नाही, तुम्ही तरी तसं म्हणू नका! 'वायरच तर आहे!' जो उठतो तो हेच. घरचे हेच, दुकानदार हेच, समोरच्या फ्लॅटमधल्या आजी, ज्यांनी माझी गाडी अजून पाहिलेलीसुद्धा नाही, त्याही हेच! माणसाला दुःख सांगायची सोय राहिली नाही...

तुम्हाला सांगतो, मी राहतो दादा-वहिनींकडे. मागची छोटी खोली माझी. खोलीत एक टेबल, आणि टेबलातून उरलेल्या जागेत माझी गादी. टेबलावर माझी रेल्वे. खेळण्यातली म्हणू नका, छोटी म्हणा! स्टेशन, पूल, बोगदा, सगळं हातानं केलेलं. गाडी स्टेशनातून सुटते कशी, रुबाबात! पुलावर जरा रेंगाळते. आणि खिडकीकडच्या बोगद्यात शिरली की... गेली! बाहेरच येत नाही! रोज हात घालून ओढून काढायची, बिळातला उंदीर काढावा तशी!

आणि वहिनींना सातवा महिना. एक दिवस कमरेवर हात ठेवून दारात उभ्या. 'भाऊजी, रविवारी आई येतेय खोली बघायला. तुमच्या गाडीनं एक, फक्त एक पूर्ण फेरी मारून दाखवली, तर टेबल राहील. नाही मारली, तर सोमवारी टेबल भंगारात आणि तिथे पाळणा!' आता पाळण्याशी माझं वैर आहे का? पण टेबल गेलं की मी गेलो ना! त्या टेबलाच्या जिवावरच तर ती खोली माझी म्हणून टिकलीय!

म्हणून आमच्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं, बोगद्यात गाडी का मरते? लगेच उत्तर, 'वायर बारीक आहे. वीज वाटेतच थकते.' बरं, मग किती जाड घेऊ? संपलं! एक म्हणतो चौदा नंबर, दुसरा म्हणतो अठरा, तिसरा म्हणतो मी बावीसवर आख्खा घाट चालवला, चौथा म्हणतो, 'तुझा घाट पाहिलाय, गाडी हातानं ढकलत होतास!' पाचवा ग्रुपच सोडून गेला!

म्हटलं, मरू दे, सगळ्यात मोठा नंबर घेऊ. मोठा नंबर म्हणजे जाड वायर, हो की नाही? बुटाचा नंबर वाढला की पाय लहान होतो का? गेलो दुकानात छाती काढून, तीस नंबर द्या! आणून जोडली. आता गाडी पुलापर्यंतसुद्धा जाईना! परत गेलो, तर दुकानदार थंडपणे म्हणतो, 'साहेब, वायरीत नंबर वाढला की वायर बारीक होते.' अहो, मग आधी नाही सांगायचं? 'मला वाटलं, माहीत असेल. वायरच तर आहे!'

पेटलो! म्हटलं, सगळ्यात जाड द्या! त्यानं दिली. काळी, अंगठ्याएवढी. वाकेचना! गुडघ्यावर घेतली, दारात अडकवली, शेवटी मीच वाकलो! रुळाला सोल्डरनं डाग देऊन जोडायला गेलो, तर ती तापता तापता रुळाखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वितळल्या आणि माझं स्टेशन एका कुशीवर झोपलं! बारीक घेतली तर दम नाही, जाड घेतली तर वाकत नाही, करू काय? परत द्यायला गेलो तर, 'कापलेली वायर परत घेत नाही.'

शनिवारी सकाळी मी टेबलाखाली पडून होतो. काम नाही, नुसतं दुःख. दादा आला दात घासत. 'अरे, गच्चीवरच्या टाकीतून खाली येतो तो पाइप जाड, बेसिनला येतो तो बारीक. सगळीकडे एकच पाइप लावतं का कुणी? दोन्ही घे की! वायरच तर आहे!' आणि तोंडातला फेस सांभाळत चालता झाला! माझा आठवडा गेला, ग्रुप फुटला, आणि ह्याला दात घासता घासता सुचलं!

मग काय, वितळलेले रूळ बदलले, स्टेशन उभं केलं, टेबलाखालून बेताची जाड वायर गोल फिरवली आणि तिच्यातून हातहातभर अंतरावर बारीक वायरी वर रुळांना. दिवसभर उताणा! शर्टाला सोल्डरच्या थेंबांची भोकं, केसात बोगद्यावरचा आख्खा डोंगर!

रविवार. वहिनींच्या आई खुर्चीत. मी बटण दाबलं. निघाली... पूल... बोगदा... शिरली! माझा श्वास बंद, दादाचा बंद, वहिनी चक्क पोटाला म्हणतायत, 'थांब रे जरा, लाथा नको मारूस!' आणि आली हो! बाहेर आली! त्याच वेगात! मी नाचलो, दादा नाचला, वहिनींच्या आईंनी टाळ्या वाजवल्या. 'अगंबाई, किती गोड! हे काढू नका हं, बाळ पाळण्यातून बघेल!'

'बघेलच की,' वहिनी म्हणाल्या, 'मी शब्द दिलाय, टेबल इथेच राहणार. आणि पाळणा बसेल... इथे.' बोट कुठे? माझ्या गादीवर!

'वहिनी, आणि मी?'

'तुमचं कुठे काय ठरलं होतं, भाऊजी?'

तर आता मी हॉलमध्ये. सोफा आखूड, पाय बाहेर. आत गाडी फेऱ्यांवर फेऱ्या मारते, दादा चालवतो, 'बाळासाठी चाचणी' म्हणे! आणि ती जाड वायर? जी माझ्याच्यानं वाकली नाही, तिला वहिनींनी दोन मिनिटांत गाठ मारली आणि सोफ्याच्या बरोब्बर वर, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणली. कपडे वाळत घालायला! मी म्हटलं, वहिनी, निदान डोक्यावर तरी नको, ओली चादर गळते हो माझ्यावर...

'वायरच तर आहे, भाऊजी! चिमटे द्या इकडे.'

दिले.