लाभ, दोन, तीन

माझं माहेर पारनेरकडचं. बाप खळ्यावर धान्य मापायचा, साऱ्या गावाचं. मी शाळा बघितली ती बाहेरनं, मोजायला शिकले बापाच्या मागं बसून. आता मापताना पयल्या मापाला एक म्हनत न्हाईत, लाभ म्हनत्यात. घरात येनारं पयलं माप, त्याला एकटं कसं म्हनायचं? म्हनून लाभ, मग दोन, मग तीन. मला वाटायचं सारं जग असंच मोजतं. काय सांगू तुमाला बाई, इतकी वर्सं झाली, तुमी अजून हसताय.

तर बाहत्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर मी खडी फोडत हुते, माझं मनगट मोडलं. मुकादम म्हनला, हौसा, तू बाभळीखाली पोरं सांभाळ. तीन-चार वर्सांची बारकी पोरं, आया खडीवर आन ही रडत्यात. म्हनलं, चला, खडे आना, लाल इकडं, काळे तिकडं. बारकं घमेलं मोठ्यात बसतं, मोठं बारक्यात का बसत न्हाई, करून बघा. चिमी स्वतःच घमेल्यात बसून बघायची, लई चौकस पोर. दुपारी सरकारी सुकडी यायची, गोड पिठाचा खाऊ. एका पोराला एक पळसाचं पान. पान उरलं की कोन न्हाई ते हुडका. चिमी सांगायची, गंगी मुरमाच्या ढिगामागं हाय, उजव्या अंगाला.

आन मग आलात तुमी, तालुक्याहून जीपमधनं, काम तपासायला, चष्मा लावून, इंग्रजी शिकलेल्या. म्हनलात, पोरं नुसती सांभाळून भागायचं न्हाई, काही शिकत असली तर ठीक, न्हाईतर बाईला परत खडीवर घ्या. माझं मनगट अजून सुजलेलं. त्या हातानं हातोडा उचलतच न्हवता.

तुमी चिमीला म्हनलात, बाळ, अंक म्हन. ती म्हनली, लाभ, दोन, तीन, चार. तुमी विचारलंत, एक कुठाय? चिमी म्हनली, तो आमच्यात न्हाई, दुसऱ्या टोळीत असंल. मुकादम फिसकन हसला. तुमी न्हाई हसलात, वहीत काहीतरी लिहिलंत. मी म्हनलं, गेलं आपलं काम.

मग तुमी पाच खडे मांडलेत, त्याखाली आनखी पाच. सारखे का? व्हय. मग खालचे लांब लांब सरकवलेत, म्हनलात, आता जास्त कुठं? चिमीनं तुमच्याकडं बघितलं, बाई खुळी हाय का काय असं. म्हनली, आमी सुकडी खायला लांब लांब बसलो म्हनून पोरं वाढत्यात व्हय?

तुमी वहीतलं खोडलंत. हे हिला कुनी शिकवलं, विचारलंत. मी म्हनलं, कुनी न्हाई बाई, पानं वाटती ती. तुमी म्हनलात, हौसाबाई, काम चालू ठेवा, पन तो एक तेवढा पंगतीत घ्या.

घेतला की. पन चिमीनं त्याला लाभाच्या मागं बसवला. लाभ, एक, दोन, तीन, चार, आन पाच खड्यांचे चारच भरायला लागले. तो गुंता सोडवायला आठवडा गेला.

आता चिमी राहुरीला असती, नातवंडं झाली तिला. तुमची नातवंडं परदेशात, लई लांब लांब गेली म्हनून तुमी हळहळता. लांब बसली म्हनून पंगत कमी हुती व्हय, बाई? थोरल्यापासनं मोजा, पयल्याला लाभ म्हना, आन सारी सुखात ऱ्हावू द्या.